चकतीच्या मागचा अंगठा

माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर मातीची एक चकती आहे. जुन्या रुपयाहून थोडी मोठी, कडेला तडा गेलेली. तिच्यावर तीन कमानींचा डोंगर उमटलाय, सातवाहनांच्या नाण्यांवर असतो तसा. घरी येणाऱ्याच्या हातात मी ती देते आणि सांगते, ही एका चार वर्षांच्या मुलानं केलीय. गेल्या आठवड्यात धूळ पुसताना चकती उलटी पडली आणि मागच्या बाजूचा अंगठा दिसला. इवलासा, तिरका, खोल दाबलेला. शेजारी नखानं ओढलेल्या चार-पाच रेघा. तो अंगठा त्या मुलाचा आहे. पुढचा डोंगर मी उमटवलेला आहे.

आपण खोटं सांगत होतो हे मला त्या क्षणी कळलं, असं मी म्हणणार नाही. ते आधीपासून माहीत होतं. चकती उलटून बघायचं तेवढं मी टाळत होते.

मी निवृत्त शिक्षिका. सुरुवातीची काही वर्षं बालवाडीत, मग पहिली-दुसरीवर. निवृत्तीनंतर दोघी मैत्रिणींबरोबर, जुन्या नाशकातल्या एका ओळखीच्या वाड्यात, महिन्यातल्या एका रविवारी आम्ही लहान मुलांना बोलवायला लागलो. तीन ते पाच वर्षांची दहा-बारा मुलं आणि प्रत्येकाबरोबर घरातलं एक मोठं माणूस. माजघरात सतरंजी घालायची आणि वस्तू मांडायच्या. पितळी मापं, धार बोथट केलेला अडकित्ता, कवड्या, सागरगोटे, गोधडीचे तुकडे, लहानसं जातं, गोदावरीकाठचे गुळगुळीत गोटे, नाण्यांच्या प्रतिकृती. संग्रहालयात काचेआड असतात तशाच वस्तू, पण इथे त्या उचलायच्या, हुंगायच्या, वाजवून बघायच्या. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. मला लिहायचंय ते त्या कल्पनेच्या नावाखाली मी काय काय केलं त्याबद्दल.

तो रविवार मातीच्या नाण्यांचा होता. नाणी हा विषय नाशिकला परका नाही. अंजनेरीला, त्र्यंबकच्या रस्त्यावर, १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. आणि आपल्या जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचं नाव प्राचीन नाण्यांच्या अभ्यासकांना जगभर ठाऊक आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी सगळी क्षहरात राजा नहपानाची, पण त्यातली साधारण दोन तृतीयांश सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा ठोकून घेतलेली. नहपानाला हरवल्यावर त्यानं ती वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह उमटवलं. नीट पाहिलं तर काही नाण्यांवर नव्या ठशाखालून जुना चेहरा डोकावतो, कुठे नाक, कुठे गाल, कुठे अक्षराचा तुकडा. चार वर्षांच्या मुलाला सातकर्णी कळणार नाही, पण एका ठशावर दुसरा ठसा बसतो हे बोटांना कळेल, असा माझा हिशेब होता. त्यासाठी सुताराकडून लाकडी ठसा कोरून आणला होता. मला त्या ठशाचा फार अभिमान वाटत होता.

तो मुलगा उशिरा आला. आईनं त्याला गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरवलं, मला लांबूनच हात केला आणि म्हणाली, "मावशी आहेत बरोबर." मावशी म्हणजे त्याला दिवसभर सांभाळणारी बाई. पन्नाशीच्या आसपासची, पेठ तालुक्याकडची. एका हातात पाण्याची बाटली आणि पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचा हात. दाराशी येऊन ती आत डोकावली, सतरंजीवरची मापं बघितली आणि तिचा चेहरा ओळखीचं काही दिसल्यासारखा झाला. हे मी पाहिलं. पाहिलं आणि तरी म्हणाले, "मावशी, तुम्ही ओट्यावर बसा. जरा चपला-पिशव्यांकडे लक्ष असू द्या."

प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस, हा नियम आम्हीच केला होता. आत आया होत्या, एक बाबा होते, दोन आज्या होत्या. जागा अपुरी होती असं मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. पण एका माणसाची जागा होती. नेमकी तिचीच जागा होती ती. माझ्या मनात 'पालक' म्हणजे जो माणूस उद्या फोन करून "कार्यक्रम छान झाला" म्हणेल तो. मावशी मला तशी दिसली नाही. मुलाला आणून पोहोचवायचं आणि नंतर घेऊन जायचं, एवढंच तिचं काम मी धरलं होतं.

मुलानं तिच्या पदराची मूठ धरली होती. ती मूठ मी एकेक बोट करून सोडवली. हे लिहिताना माझ्या बोटांना ती मूठ जाणवते आहे. आम्ही ज्याला 'हातानं शिकणं' म्हणत होतो, त्याची सुरुवात मी अशी केली.

आत येऊन तो भिंतीशी उभा राहिला, हाताची घडी घालून. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. बालवर्गात शिकवलं असणार. ती घडी पाहून मला जे वाटलं ते साधं नव्हतं, कारण 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटलंय याची मोजदाद नाही. वर्गात पन्नास मुलं असली की ते म्हणावंच लागतं, असं आम्ही शिक्षक एकमेकांना सांगायचो, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण त्यात मुलाचे दोन्ही हात आणि तोंड एकदम बंद होतात, आणि त्या वयात जग घरात येतं ते याच दारांनी. वर्ग शांत झाला की मला बरं वाटायचं. शांततेला मी शिकणं समजत होते. निदान तसं समजणं मला सोयीचं होतं.

आणि हे फक्त शाळेपुरतं नव्हतं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायला नेलं होतं. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, वाद्यं. राजेरजवाड्यांपेक्षा घरादारातल्या माणसांच्या हातून झिजलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर हिंडून गोळा केल्या. माझ्या मुलीनं काचेवर तळवा टेकवला, कारण आत आजीकडे होता तसलाच अडकित्ता होता. "आजीचा!" असं ती ओरडली. मी तिचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे धरले आणि उरलेली दालनं तिला तशीच फिरवली. काच असायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. हाताच्या घामातला क्षार आणि तेल धातूवर राहतं, तांब्या-पितळेला डाग पडतात. नाणं धरायचं तर कडेनं धरावं, हे कुठलाही जाणकार सांगेल. शंभर वर्षं टिकलेली वस्तू आपल्या कौतुकानं खराब व्हावी असं कुणाला वाटेल? पण तिनं हात काचेला लावला होता, अडकित्त्याला नाही. आणि तिचं वाक्य मी ऐकूनही घेतलं नाही. "हो गं, आजीचाच, आठवतं, आजी सुपारी कशी कातरते?" एवढं म्हटलं असतं तरी ते दालन तिचं झालं असतं. आता ती चाळिशीची आहे आणि संग्रहालयात जायला तिला आवडत नाही. त्याचं कारण मी आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही. नाही असंही म्हणता येत नाही.

तिच्या मुलीला, माझ्या नातीला, मी एकदा सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवलं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत फार सावकाश झिओलाइटचे आणि त्यांच्याबरोबरचे इतर स्फटिक वाढले. पांढरे, हिरवट, पीचसारखे गुलाबी. मी तिला फलक वाचून दाखवत होते. ती बघत होती, पण घरी घेऊन आली तो परतीच्या वाटेवर उचललेला एक ओबडधोबड काळा दगड, भोकं पडलेला. आठ दिवस तो उशाशी घेऊन झोपली. नंतर आवराआवरीत मी तो टाकून दिला. ज्या पोकळ्यांत ते स्फटिक जन्मतात त्याच तिच्या दगडात होत्या. त्या दगडावरून तिला सगळं सांगता आलं असतं, आणि हे मला सुचलं ते तो कचऱ्याच्या गाडीत गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी.

मातीच्या रविवाराकडे परत येते. माती दिल्यावर त्या मुलाची घडी सुटली. त्यानं गोळा आधी नाकाशी नेला. मग सतरंजीवर ठेवून अंगठा दाबला, पूर्ण वजन टाकून, ओठ आवळून. अंगठा काढून आत पाहिलं. नखानं रेघा ओढल्या. दाराकडे मान वळवून तो म्हणाला, "मावशी, हे बघ." मावशी ओट्यावर होती, तिथून तिला दिसणार नव्हतं. मी म्हणाले, "अरे वा! आता आपण याचं खरंखुरं नाणं करू या हं." गोळा उचलला, उलटा केला, थापटून चपटा केला आणि लाकडी ठसा त्याच्या हातात देऊन, त्याच्या हातावर माझा हात ठेवून दाबला. डोंगर सुरेख उमटला. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत त्याचा हात ठशावर दिसतो, माझा हात चौकटीबाहेर राहिलाय. पुढच्या महिन्याच्या निमंत्रणावर आम्ही तोच फोटो वापरला.

जाताना सगळ्या मुलांनी आपापली नाणी नेली. त्यानं नेलं नाही. "विसरला वाटतं," असं म्हणून मी ते ठेवून घेतलं.

सातकर्णीनं नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगर ठोकला तो जिंकलेल्या राजाचा व्यवहार होता. चार वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याशी माझं कसलं युद्ध होतं? हा प्रश्न मी टाळून पुढे गेले तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटतं, मला भीती वाटत होती. अंगठ्याच्या खड्ड्याकडे बघून त्याची आई म्हणाली असती, "यासाठी रविवारची सकाळ घालवली?" मुलानं काय शोधलं ते तिला समजावून सांगण्याइतका माझाच त्यावर विश्वास नव्हता. डोंगर दाखवता येत होता. अंगठ्याबरोबर बसून राहावं लागलं असतं, त्याला विचारावं लागलं असतं की आत काय दिसलं. त्या रेघांचं काय होतं, हे मला अजून माहीत नाही.

आणि हे सगळं अज्ञानापोटी झालं असं म्हणायचीही मला सोय नाही. तरुणपणी बालवाडीत काम करत असतानाच मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम अभ्यासलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे केलं त्यात साधनं म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, आजूबाजूला जे असेल ते होतं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यातल्या अंगणात न्यायची, त्यातून अंगणवाडी आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या बालविकास योजनेतून तोच शब्द देशभर पोहोचला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मला त्यातली सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आठ-दहा वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. यावर या बायकांनी त्या मुलींना भावंड घरी ठेवून या असं सांगितलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवर मूल घेऊन येणारी मुलगी आहे तशी आत आली. हा प्रसंग मी प्रशिक्षणात नव्या सेविकांना सांगितलाय, गहिवरून सांगितलाय. आणि माझ्या दाराशी मूल घेऊन आलेल्या बाईला मी चपलांपाशी बसवलं.

वस्तू मुलांच्या हाती द्याव्यात हे परदेशातही कुणाला तरी अनुभवानंच सुचलं. बोस्टनच्या बालसंग्रहालयात १९६२ मध्ये मायकेल स्पॉक संचालक म्हणून आले. त्यांना लहानपणी वाचायला फार जड जायचं, अक्षरं दाद देत नसत. संग्रहालयांनी त्यांना जे शिकवलं ते पुस्तकांनी शिकवलं नव्हतं. त्यांनी वस्तू काचेच्या पेट्यांबाहेर मुलांच्या हाताशी आणल्या. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१९ मध्ये आवारातल्या जुन्या गोरखचिंचेच्या आसऱ्यानं मुलांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. ही माहिती मी आमच्या निमंत्रणात घातली होती. चांगल्या ठिकाणांची नावं घेतली की आपणही तसेच आहोत असं वाटायला लागतं.

पुढच्या महिन्यात आम्ही पांडवलेण्यांना गेलो. मावशी आली, कारण दोनशेच्या वर पायऱ्या, आणि मुलाला उचलून घ्यायला कुणीतरी हवं होतं. मी तिला आपण होऊन बोलावलं नव्हतं, गरजेपुरतं बोलावलं होतं. अर्ध्या वाटेवर त्यानं हात वर केले आणि तिनं त्याला कडेवर घेतलं, धापा टाकत वर आणलं. तीन नंबरच्या लेण्यापाशी आम्ही थांबलो. सातवाहनांचं हेच ते लेणं, सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख असलेलं. त्याच्या ओसरीच्या तळाशी सहा धिप्पाड माणसं कोरलीत. जमिनीतून छातीपर्यंत वर आलेली, खांद्यावर तुळया घेतलेली. सगळ्या लेण्याचा भार जणू त्यांनी उचललाय. मोठ्या माणसांना ती पायाशी असल्यामुळे दिसत नाहीत. मुलांना समोरासमोर दिसतात.

मी शिलालेखाबद्दल बोलायला लागले होते. तो मुलगा खाली बसला, एका माणसाच्या तोंडासमोर तोंड आणून, आणि म्हणाला, "हा दमत नाही?"

मी म्हणाले, "हात लावायचा नाही हं." तिथे ते बरोबरच होतं; दोन हजार वर्षांचा दगड आहे, आम्ही बारा पोरं घेऊन गेलो होतो. पण त्यानं हात लावलाच नव्हता. त्यानं प्रश्न विचारला होता. उत्तर मावशीनं दिलं. ती त्याच्या शेजारी बसली, त्याचा तळवा धरला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. म्हणाली, "बघ बरं. अजून गरम हाय ना? तुला आणलं ना वर. आता त्याचा कसा आसंल?" मुलानं तिचा खांदा दाबून पाहिला, मग आपला दुसरा हात आपल्या खांद्यावर ठेवला, मग दगडातल्या खांद्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "त्याला पाणी द्यायचं?"

मूर्तीला बोटही न लावता त्या मुलाला वजन म्हणजे काय ते कळलं. एवढा सुंदर धडा मी सगळ्या नोकरीत एकदाही दिलेला नाही.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मी वृत्तांत लिहिला. त्यात असं लिहिलं की "आम्ही मुलांना प्रश्न विचारून शिल्पाशी जोडून दिलं." मावशीचा उल्लेख नव्हता. लिहिताना ती आठवली होती. वाक्यात तिला कुठे बसवावं ते कळेना म्हणून वगळली.

यानंतर मला उपरती झाली, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी मी मावशीला आग्रहानं आत बसवलं. विषय धान्य मोजण्याचा आणि दळण्याचा होता. मापांच्या चिठ्ठ्या मी तयार केल्या होत्या: चिपटं, मापटं, शेर, पायली. मावशीला चिठ्ठ्या लागल्या नाहीत. तिनं चिपटं उचललं, नागलीत खुपसलं, कडेवरून तळवा फिरवून सारखं केलं आणि मुलाला म्हणाली, "दोन वेळा वत. आता बघ, मापटं भरलं." त्यानं ओतलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. नागली सांडली, पुन्हा वेचली, पुन्हा ओतली. तिनं त्याच्या हाताला हात लावला नाही. सांडू दिली. बाकीची मुलं माझ्या चिठ्ठ्या सोडून तिच्याभोवती जमली. ही आमच्या सगळ्या रविवारांतली सर्वांत चांगली वीस मिनिटं होती.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी जातं मांडलं आणि म्हणाले, "आता मावशी आपल्याला जात्यावर दळून दाखवतील." तिनं खुंटा धरला, वैरण घातली, त्या मुलाला समोर बसवून त्याचा हात खुंट्यावर आपल्या हाताखाली घेतला. दोघं फिरवायला लागले. पीठ कडेनं यायला लागलं आणि मुलं हरखली. तेवढ्यात एक आई म्हणाली, "मावशी, ओवी म्हणा ना." तीन-चार फोन वर आले. मावशी थांबली. आणि मीसुद्धा म्हणाले, "म्हणा ना, मावशी. मुलांना ऐकू द्या."

तिनं पदर तोंडाशी ओढला. "मला नाय येत," म्हणाली. येत असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि मी तिसऱ्यांदा आग्रह केला. ती उठली, हाताचं पीठ झटकलं, आणि ओट्यावर जाऊन चपलांपाशी बसली. आपण होऊन. मुलगा तिच्या मागोमाग बाहेर गेला.

आधी मी तिला दाराबाहेर ठेवलं होतं. नंतर आत आणून वस्तूंच्या रांगेत ठेवलं. मापं, अडकित्ता, जातं, मावशी. तिच्या ज्ञानाचा आदर करतेय असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यातून आमच्या कार्यक्रमाला जो रंग येत होता त्याचाही मला मोह होता. या दोन गोष्टी मला अजूनही एकमेकींपासून नीट वेगळ्या करता येत नाहीत. तिनं मुलासाठी दळलं होतं. आमच्यासाठी दळून दाखवायची वेळ आली तेव्हा ती उठली.

त्यानंतर ती दोघं आली नाहीत. मुलाला रविवारी पोहायला घातलंय, असं आईनं कळवलं. असेलही.

आमचा उपक्रम चालू आहे. काही बदल मी केले आहेत: लाकडी ठसा कपाटात ठेवलाय, मुलाबरोबर जो येईल तो आत बसतो, आणि पहिला अर्धा तास कुणी फोन काढायचा नाही. आमच्या वाड्यापासून दोन गल्ल्या सोडून एक अंगणवाडी आहे. तिथल्या मुलांना आम्ही कधीच बोलावलं नव्हतं, कारण निमंत्रण जायचं ते सोसायट्यांच्या ग्रुपवर. मागच्या महिन्यात मी तिथल्या सेविकेला जाऊन भेटले. तिनं विचारलं, "बाई, मुलांना आणायचं की तुम्ही इकडे येणार?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. वस्तू उचलून त्यांच्या अंगणात न्यायला काय हरकत आहे? पितळी पायली जड आहे, एवढीच. हे बदल मी मोठे मानत नाही. चकती उलटी पडली नसती तर यावर मी समाधानीही राहिले असते.

परवा मी उपस्थितीची वही काढली. प्रत्येक रविवारचं पान आहे. मुलाचं नाव, वय, सोबत कोण, फोन नंबर. 'सोबत कोण' या रकान्यात आयांची नावं आहेत, आडनावासकट. आज्यांची आहेत. त्या मुलाच्या ओळीत तिन्ही रविवारी माझ्या अक्षरात 'मावशी' लिहिलंय. फोन नंबर आईचा.

मी त्या आईला फोन केला. चौकशी झाली, पोहण्याबद्दल बोलणं झालं. मग मी म्हणाले, मला मावशींना भेटायचंय, त्यांची एक वस्तू माझ्याकडे राहिलीय. आणि विचारलं, त्यांचं पूर्ण नाव काय?

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही.

"थांबा हं," त्या म्हणाल्या, "विचारून सांगते."

फोन तसाच चालू होता. आत कुठेतरी भांडी लावल्याचा आवाज येत होता आणि तो मुलगा कुणाला तरी काहीतरी मोठ्यानं समजावून सांगत होता. मी वहीचं पान उघडून, पेन हातात घेऊन थांबले.